पेटीतले दोन स्कार्फ

कोल्हापुरातल्या एका आईचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं काही इथे देत नाही, मथितार्थ तेवढा देते. त्या 46 वर्षांच्या, पतसंस्थेत नोकरी करतात. यजमानांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. वडील समाजसुधारक हमीद दलवाईंच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या बैठकांना जाणारे, त्यामुळे माहेरी बुरखा नव्हता. लग्नानंतर सासूबाईंनी सांगितलं, "बुरख्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही." दोन वर्षं घातला, मग भांडून सोडला. त्यासाठी सहा महिने घरातला अबोला सोसला. आता त्यांची 19 वर्षांची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. गेल्या रमजानपासून ती स्कार्फ बांधू लागली, पुढे काळा अबायाही आला. कुणी सांगितलं नाही, माझं मी ठरवलं, असं ती म्हणते. इचलकरंजीला नात्यातलं लग्न होतं तेव्हा आई म्हणाली, "हे घालून माझ्यासोबत यायचं नाही." मुलगी घरीच राहिली. नंतर आईने तिचे दोन स्कार्फ पेटीत लपवले. तीन आठवडे झाले, मुलगी कामापुरतंच बोलते. ऑफिसात एकीने विचारलं, "तुमच्याकडेही सुरू झालं का?" ते आईच्या जिव्हारी लागलं आहे. त्यांचा प्रश्न असा: "तिला यातून बाहेर कसं काढू? प्रॅक्टिकलचं काय होईल, नोकरी कोण देईल? आणि मी माघार घेतली तर माझी सगळी लढाई फुकट गेली ना?"

ताई,

तुमच्या पत्रात 'बुरखा' हा शब्द पानापानावर आहे. पण मुलीचं वर्णन करताना तुम्हीच लिहिलंय की तिचा चेहरा उघडा असतो. म्हणजे ती बुरखा घेत नाही. डोकं, कान आणि मान झाकणारा स्कार्फ, ज्याला हल्ली सगळे हिजाब म्हणतात, आणि अंगावर सैल पायघोळ अबाया, एवढंच तिच्या अंगावर आहे. नकाब म्हणजे डोळे सोडून चेहरा झाकणारं कापड. बुरखा म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा, तोंडावर पडदा ओढता येतो तो. तुम्ही दोन वर्षं घातलात तो हा. मी हा शब्दांचा कीस उगाच काढत नाही. प्रयोगशाळेत, परीक्षेत, गाडीवर, मुलाखतीत या प्रत्येकाच्या अडचणी निरनिराळ्या असतात. आणि मला असंही वाटतं की तुम्ही भांडताय तुमच्या जुन्या बुरख्याशी, पण समोर उभी आहे ती स्कार्फ बांधलेली तुमची लेक.

आता तुमच्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी ठेवते. सासूबाई म्हणाल्या, "बुरख्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही." तुम्ही म्हणालात, "हे घालून माझ्यासोबत यायचं नाही." तुमच्या मनात माया आहे, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तरी लग्नाच्या त्या दिवशी घरात कोण बसलं ते बघा. तेव्हा घरात अडकल्या होत्या तुम्ही, या खेपेला तुमची मुलगी. कापड असण्यावरून की नसण्यावरून, एवढाच फरक.

हे देशाच्या पातळीवरही घडून गेलंय. इराणमध्ये 1936 साली रेझा शाहने पडद्यावर बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या अंगावरच्या चादरी ओढून काढत. त्याचा परिणाम असा झाला की अनेक बायकांनी घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. 1979 च्या क्रांतीनंतर तिथेच उलटी सक्ती आली, आणि सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी ही 22 वर्षांची तरुणी, केस नीट झाकले नाहीत म्हणून ताब्यात घेतल्यावर तीन दिवसांत मरण पावली. काढायला लावणारे आणि घालायला लावणारे एकमेकांचे वैरी, पण दोघांचाही हात बाईच्या डोक्यावरच्या कापडाला.

मग तुमची लढाई फुकट गेली का? तुमच्या वडिलांनी तुम्हाला 18 एप्रिल 1966 च्या मोर्चाबद्दल सांगितलं असेल. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. आमच्या आयुष्याचे निर्णय आमच्या पाठीमागे घेऊ नका, हा त्यामागचा आग्रह. तुम्ही सहा महिने अबोला सोसलात तो याच हक्कासाठी. या घरातली बाई स्वतःचं स्वतः ठरवते, हा पायंडा तुम्ही पाडलात. मुलगी त्याच पायंड्यावर उभी राहून तुम्हाला न आवडणारं काही ठरवते आहे. हे पचवणं जड जाणार, ते मला कळतं. पण यात तुमचा पराभव मला दिसत नाही.

एवढं म्हटल्यावर तुमची शंकाही बाजूला सारत नाही. "माझं मी ठरवलं" हे 19 वर्षांच्या मुलीचं वाक्य खरं असू शकतं, अर्धं खरं असू शकतं, किंवा पाठ केलेलंही असू शकतं. त्याचा शोध घ्यायला हवा, आणि तो कपाटं उचकून लागत नाही. या वयात मुली स्कार्फ बांधू लागतात त्याची कारणं सहसा चार-सहाच असतात, आणि प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या.

श्रद्धेतून आलं असेल तर बाकीचंही बदललेलं दिसेल. नमाज नियमित होतो, वाचन होतं, बोलणं उलट शांत होतं. अशी मुलगी इतरांना उपदेश करत सुटत नाही. मैत्रिणींच्या घोळक्यातून आलं असेल तर रंग, पिना, बांधायची पद्धत यांत तिचा जीव रमतो, आणि घोळका बदलला की बांधणंही बदलतं. त्याची चिंता करू नये.

तिसरं कारण आपल्या गावाचं आहे आणि ते आपण मोठी माणसं लवकर विसरतो. जून 2023 मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, दुकानं फुटली. जुलै 2024 मध्ये विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरांची मोडतोड झाली. शाळा-कॉलेजातल्या वयात ज्या मुलीने हे पाहिलं, तिला आपण कोण हा प्रश्न फार लवकर पडतो. कुणी त्याचं उत्तर गप्प राहून देतं, तर कुणी डोक्यावर बांधून. तुमच्या वेळी बुरखा ही घरातली सक्ती होती. तिला कदाचित स्कार्फ ही घराबाहेरच्या नजरांना दिलेली जबानी वाटत असेल. तसं असेल तर "काढ" म्हणणारी आई तिला त्या नजरांच्या बाजूची वाटणार.

चौथं, उपद्रव. के.एम.टी.च्या बसथांब्यावर, क्लासच्या वाटेवर कुणी त्रास देत असेल आणि सैल काळा अबाया तिला चिलखतासारखा वाटत असेल. खूण अशी की अबाया सुरू होण्याच्या सुमारास तिने रस्ता, वेळ किंवा बस बदललेली असते. तेव्हा बंदोबस्त करायचा तो त्रास देणाऱ्याचा. पाचवं, परवाना. "स्कार्फ बांधला की पप्पा पुण्याला एम.एस्सी.ला पाठवतील" असा हिशेब काही मुली मनात मांडतात. यजमान किंवा दीर कधी असं काही बोलून गेलेत का, ते आठवून बघा. सहावं सगळ्यात काळजीचं, भीती. रात्र-रात्र मोबाईलवर नरकाच्या यातनांची भाषणं ऐकणं, झोप उडणं, चित्रं-गाणी एकाएकी टाकून देणं, जुन्या मैत्रिणी तोडणं, आईला पापी म्हणणं. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर कपड्याचा विषय बाजूला ठेवा आणि समुपदेशकाची वेळ घ्या. कुणी मुलगा किंवा होऊ घातलेलं स्थळ अटी घालत असेल, तर तेही या भीतीच्याच घरातलं.

आता बोलायचं कसं. पहिल्या दिवशी एकच काम, पेटीतले स्कार्फ परत द्यायचे. त्या दिवशी त्यावर चर्चा नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लग्नाबद्दल बोला, आणि ते एका वाक्यात: "त्या दिवशी तुला घरी ठेवलं, ते माझं चुकलं." पुढे 'पण' जोडू नका. 'पण' आला की माफी पुसली जाते.

खरं बोलणं त्यानंतर आठवड्याभराने. जेवताना नको, पप्पा आणि भाऊ समोर असताना तर नकोच, कारण तिथे तिला बाजू लढवावी लागते. सकाळी रंकाळ्यावर फेरी मारताना बोला, किंवा गच्चीवर कपडे वाळत घालताना. हातात काम असलं आणि नजर समोर असली की अवघड गोष्ट सहज निघते. अर्धा तास बोलणं झालं तर त्यातली पाच-सात मिनिटंच तुमची असावीत. "का?" असं विचारू नका, तो शब्द जाब विचारल्यासारखा लागतो. "पहिल्यांदा कधी वाटलं गं तुला?" असं विचारा, म्हणजे ती गोष्ट सांगू लागेल. "कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?", "आमच्या वेळी...", "असं राहिलीस तर नोकरी कोण देणार?" ही तीन वाक्यं ओठावर आली तरी गिळा.

तुमची गोष्टही तिला सांगा. "मी बुरखा सोडला" ही विजयकथा तिने शंभरदा ऐकली असणार. त्या सहा महिन्यांत ताटावर एकटीने बसून कसं जेवलात, माहेरी काय लपवलंत, ते बहुधा ऐकलं नसेल. तिचं मन वळवायचं म्हणून सांगू नका. तुमच्या रागामागे कसली भीती आहे हे तिला कळावं म्हणून सांगा.

आणि मग, घाई न करता, एक प्रश्न. "उद्या तुला काढावासा वाटला, तर कुणाला उत्तर द्यावं लागेल?" उत्तराइतकंच त्याआधीच्या थांबण्याकडे लक्ष द्या. "कुणालाच नाही, पण मी काढणार नाही," असं ती सहज म्हणाली तर निर्णय तिचा आहे, तुम्ही निश्चिंत व्हा. ती अडखळली, किंवा एखादं नाव आलं, मग ते मैत्रिणीचं असो, मुलाचं, काकांचं की एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं, तर खरं काम त्या नावाशी आहे. घालायची मोकळीक आणि काढायची मोकळीक या दोन्ही असतील तरच मी त्याला तिची मर्जी म्हणेन. घातला म्हणून आईची माया आटते आणि काढला तर मैत्रिणी तुटतात, अशा कात्रीत सापडलेल्या मुलीला मर्जी उरतच नाही. तुमची बाजू तेवढी तुमच्या हातात आहे, ती आधी मोकळी करा.

बदल्यात तुम्हीही काही मागू शकता, आणि मागाच. तिने तुम्हाला गुन्हेगार ठरवायचं नाही. घरातल्या, नात्यातल्या लहान मुलींच्या डोक्यावर तिने स्कार्फ बांधायचा नाही. आठ वर्षांच्या पोरीला मर्जी हा शब्दही कळत नाही.

धर्माचं थोडं, कारण तिच्याशी बोलताना तो विषय निघणारच. कुराणातल्या सूरह नूर या अध्यायात 30 वी आयत, म्हणजे वचन, आधी पुरुषांना सांगते की नजर खाली ठेवा. स्त्रियांसाठीची 31 वी आयत त्यानंतर येते, आणि तिथे ओढणी छातीवरून घेण्याचा उल्लेख आहे. सूरह अहजाबच्या 59 व्या आयतीत अंगावर चादर ओढून घेण्याबद्दल आहे. यावरून काय काय आणि किती झाकावं याबद्दल आलिमांत, म्हणजे धर्मपंडितांत, मतभेद आहेत. बहुतेक जण चेहरा आणि हात उघडे चालतात असं मानतात, काही जण नकाब आवश्यक मानतात, आणि काही आधुनिक अभ्यासक याला त्या काळच्या समाजाचा संदर्भ म्हणतात. हजच्या इहराममध्ये, म्हणजे यात्रेतल्या व्रतस्थ अवस्थेत, बायका नकाब बांधत नाहीत, हे पुष्कळ घरांत ठाऊक असतं. आणि सूरह बकरहची 256 वी आयत, धर्मात जबरदस्ती नाही, ती तुमच्या दोघींच्याही उपयोगाची. मात्र हे सगळं वाद जिंकायला वापरू नका. तिने वाचलं असेल तर विचारा, "मलाही दाखव की." दोघींनी मिळून भाषांतर वाचलं तर भांडणाचा सूर आपोआप उतरतो.

आता प्रॅक्टिकल. तुमची काळजी इथे अगदी रास्त आहे, आणि तिच्यावर उपायही आहेत. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये धोका असतो तो लोंबत्या आणि कृत्रिम धाग्याच्या कापडाचा. जॉर्जेट, शिफॉन, पॉलिस्टर बर्नरजवळ गेलं की वितळून कातडीला चिकटतं आणि भाजणं खोलवर जातं. शिवाय जॉर्जेट घसरतं, म्हणून मुली चार-चार टाचण्या लावतात. आम्ल उडालं तर तो स्कार्फ क्षणात काढावा लागतो, आणि नेमक्या तेव्हा त्या टाचण्या निघत नाहीत. म्हणून लॅबसाठी दोन मीटरची ओढणी बाद. सुती किंवा होजिअरीचा, डोक्यावरून सरळ चढवायचा बिनटाचणीचा स्कार्फ घ्यावा, मानेलगत बसणारा. टोकं असतील तर एप्रनच्या आत खोचायची आणि एप्रनचं वरचं बटण लावायचं. अबायाच्या बाह्या घेरदार असतात, त्या बाटल्या पाडतात. मनगटाला इलॅस्टिक घालून घ्यावं, किंवा लॅबच्या दिवशी अबायाऐवजी लांब बाह्यांचा सुती कुर्ता आणि वर एप्रन. अबायाची लांबी घोट्याच्या वर चार बोटं असावी, म्हणजे जिन्यात पाय अडकत नाही. लॉकरमध्ये एक कोरा स्कार्फ पिशवीत घालून ठेवायचा. अपघातात काढावा लागला तर मुलगी बिचकते, आणि त्या बिचकण्यात मोलाचे सेकंद जातात. दुसरा हाताशी आहे हे ठाऊक असलं की ती बिचकत नाही. हे लॅबच्या मॅडमना आधीच सांगून ठेवावं. पुढे ती सूक्ष्मजीवशास्त्राकडे किंवा औषध कंपनीत गेली तर बाहेरचा स्कार्फ आत चालणार नाही. तिथे धुतलेला वेगळा ठेवतात किंवा डोकं-मान झाकणारी टोपी देतात. ऑपरेशन थिएटरमधलं हूडही तसंच असतं.

गाडीवर दोन गोष्टी. पायघोळ कापड मागच्या चाकात जातं, तेव्हा साडीगार्ड शाबूत हवं. मोटार वाहन नियमांतही ते आहे, आणि यजमानांना हे वेगळं सांगायला नको. अबायाचा घेर दोन्ही बाजूंनी मांडीखाली घेऊन बसावं. दुसरं, हेल्मेट. जाड स्कार्फ आणि उंच अंबाडा यांवर हेल्मेट अधांतरी बसतं, आणि डोक्यावरची टाचणी अपघातात आत घुसते. आत पातळ सुती टोपी, अंबाडा मानेवर खाली, टाचणी नाही, आणि हेल्मेट विकत घेताना ती टोपी घालूनच मापाचं घ्यावं.

केसांबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. ओले केस बांधले की कोंडा आणि खाज ठरलेली. पूर्ण वाळल्याशिवाय बांधू नयेत. आतली टोपी रोज धुतलेली हवी, म्हणजे निदान चार लागतात. घट्ट ओढून बांधलं तर कपाळाजवळचे केस मागे सरकतात. आणि अंग सतत झाकलेलं असलं की ड जीवनसत्त्व कमी पडण्याचा धोका वाढतो. गच्चीवर आडोसा असेल तर हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ ऊन घ्यावं, थकवा वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासावं.

परीक्षा आणि कॉलेज. नियम कॉलेजागणिक वेगळा असतो, तेव्हा माहितीपुस्तिका आणि सूचनाफलक आधी वाचावा. अडचण येईल असं वाटलं तर प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज करावा: स्कार्फमध्ये चेहरा पूर्ण दिसतो, ओळख पटवायला आणि कान तपासायला महिला पर्यवेक्षकांसमोर तयारी आहे, लॅबमध्ये सुरक्षिततेचे नियम पाळेन. दोन प्रती काढायच्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन घरी ठेवायची. तोंडी परवानगीवर विसंबू नका, माणूस बदलला की ती जाते. नीटसारख्या प्रवेशपरीक्षांत धार्मिक पोशाख घालणाऱ्यांना झडतीसाठी लवकर हजर व्हायला सांगतात. केरळ उच्च न्यायालयाने 2016 मध्ये याच अटीवर स्कार्फला परवानगी दिली होती. पासपोर्टच्या फोटोत धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्पष्ट हवा.

कायद्याचं चित्र आजही अर्धवट आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 ला वर्गातली हिजाबबंदी योग्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयात 13 ऑक्टोबर 2022 ला दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवायचं ठरलं. त्या वादात काही मुलींनी परीक्षाच सोडल्या. मला त्यातलं सगळ्यात मोठं नुकसान ते वाटतं. मुंबईतल्या एका कॉलेजच्या हिजाब-टोपीबंदीला मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये हात लावला नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2024 ला तिला अंशतः स्थगिती दिली. चेहरा झाकणारा बुरखा वर्गात चालणार नाही, हेही तेव्हा स्पष्ट केलं. म्हणजे संविधानातली कलमं 19, 21 आणि 25 तिच्या पाठीशी आहेत, पण कुठल्या दारात काय होईल याची हमी आज कुणी देऊ शकत नाही. उद्या कॉलेज आडून बसलं तर? माझा सल्ला कडू लागेल, तरी देते. त्या क्षणी वर्ष वाया घालवू नये. पेपर द्यावा, लॅब पूर्ण करावी, आणि तक्रार लेखी करून नंतर भांडावं. शाहू महाराजांच्या आधाराने 1906 साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, ती या समाजातली मुलं शिकावीत म्हणूनच. शिक्षण सुटलं की घालायची आणि काढायची, दोन्ही मोकळिकी दुसऱ्याच्या हातात जातात.

नोकरीचंही असंच. काही ठिकाणी दार बंद होईल, हे खोटं सांगून उपयोग नाही. मुलाखतीला बसायचं तर फिक्या रंगाचा, चापून बसलेला स्कार्फ असावा, म्हणजे लक्ष चेहऱ्याकडे आणि उत्तरांकडे जातं. पण एखाद्या जागेसाठी काढायचा की जागा सोडायची, हे गणित तिचं तिला मांडू द्या. तुमच्या पगारातून तिच्या नावे दरमहा थोडी रक्कम वेगळी पडली तर बरं. स्वतःचा पैसा असलेल्या मुलीला कुणाचीच सक्ती सहज लागू पडत नाही, बाहेरच्यांची नाही आणि घरच्यांची नाही.

ऑफिसातल्या त्या बाईंचा प्रश्न तुमच्या मनात घर करून बसलाय. "तुमच्याकडेही सुरू झालं का?" या प्रश्नाचं उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. एप्रिल-मेच्या दुपारी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभं राहिलं तर स्कूटीवरच्या निम्म्या मुली डोळे सोडून सगळं बांधून असतात, सनकोट आणि हातमोज्यांसकट. त्यांना कुणी विचारत नाही. आपल्या सरदार घराण्यांत गोषा, म्हणजे बायकांचा पडदा, होता, तो तर मराठीतला जुना शब्द. पुढच्या वेळी एवढंच म्हणा, "पोरगी मोठी झाली, तिचं ती बघते." आणि वळून कामाला लागा. मुलीचा कपडा ही तुमच्या पुरोगामीपणाची परीक्षा नव्हे. तुम्ही मुलीवर चिडलात त्यातला किती राग खरं तर त्या प्रश्नाचा आहे, तेही एकदा तपासा.

याच विषयावर उलटी पत्रंही येतात. ज्या मुलींवर घरातून सक्ती होते, मारहाण, कोंडून ठेवणं, कॉलेज बंद करण्याची धमकी असते, त्यांच्यासाठी: एकदम सगळ्यांसमोर काढून मोडता घालू नका, आधी आधार जमवा. घरातलं एक माणूस, मग ती फुफी असो, खाला, मामा की आजी, आपल्या बाजूला हवं. ओळखपत्रं, गुणपत्रकं, बँकेचं पासबुक यांच्या प्रती विश्वासाच्या ठिकाणी ठेवा. घराबाहेर काढून पुन्हा घालणं हा मार्ग अनेक जणी काढतात. त्यात पकडलं जाण्याची भीती सतत राहते, म्हणून तो थोड्या दिवसांचाच समजा. 2005 चा घरगुती हिंसाचार कायदा फक्त सुनांसाठी नाही, मुलींनाही लागू आहे, आणि मानसिक छळ त्यात येतो. 181 ही महिलांची हेल्पलाईन, तातडीला 112, आणि 18 वर्षांखालच्यांसाठी 1098.

शिक्षकांना एकच विनंती. मुलीला वर्गात उभं करून "तुला हे का घालावं लागतं?" असं विचारू नका. काळजी वाटली तर तासानंतर, एकटीला, दार उघडं ठेवून विचारा.

आणि ताई, यजमानांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, "ते काही बोलत नाहीत." त्यांना बोलायला सांगा, पण तिच्या कपड्याबद्दल नको. त्यांनी मुलीला एवढंच सांगावं की पुढचं शिक्षण घालून असो की न घालता, पैसा मी भरणार. बापाच्या तोंडून हे एकदा आलं की तो परवान्याचा हिशेब, असलाच तर, तिथेच मिटतो.

स्कार्फ उद्याच द्या. पेटीत राहून डांबरगोळ्यांचा वास लागला असेल, तो धुवून सावलीत वाळवा. जॉर्जेटचा असेल तर इस्त्री मंद ठेवा, वर सुती फडकं घालून फिरवा. तिच्या कपाटात जिथून उचललेत त्याच खणात ठेवा. ती घरात असताना, तिला दिसेल असे.